उंबराखालचं पाणी

आरेच्या ओढ्यात, एप्रिलच्या दुपारी,
दोरीला बांधलेला तापमापक
उंबराच्या मुळांत सोडते:
सव्वीस पूर्णांक दोन.

तीस पावलं खाली, सावली संपून
सिमेंटचा नवा काठ सुरू होतो.
तिथलं उथळ पाणी: एकतीस.
वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी.

बेंडू हाडळ वही बघत नाही.
चप्पल काढून टाच बुडवतो,
"इथवर मुऱ्या. त्याच्या पुढं नाय."

आणि खरंच,
वाळूच्या रंगाच्या, करंगळीएवढ्या,
दगडाला पोट लावून पडलेल्या,
तापल्या पोराची छाती हलावी
तसे कल्ले भराभर.

ऊन पाण्यातली हवा आधी पितं,
मासा मागाहून मरतो.
हे मी पुस्तकात वाचलेलं.
बेंडूच्या आईनं पातेल्यात पाहिलेलं:
उन्हात ठेवले की तोंडं वर,
सावलीत सरकवलं की
गपगार तळाशी.

अहवालात शिफारशीला एकच ओळ आहे.
लिहिते: काठ हिरवा ठेवावा.
खोडते. शाळेच्या भिंतीवर असतं हे.
लिहिते: उंबर क्रमांक ११७ तोडू नये,
खाली जुने भाडेकरू आहेत.
हेही खोडतील, सातव्या मजल्यावर,
एसी बावीसवर लावून.

बेंडूनं टाच काढली,
ओलीच चपलेत सरकवली.
"उद्या सहाच्या आत ये.
गारव्याला बाहेर येतात त्या.
आन् ती दोरी नको आणू.
घाबरतात."