नाकाच्या दिशेने

खाली आठ माग, वर आम्ही,
मधली स्लॅब पातळ.
सकाळी खटका दाबला की
मांडणीतल्या वाट्या आपापसात बोलायला लागतात
आणि सगळ्यात वरच्या फळीवर माझं करडं जहाज,
तेराशे एक्कावन्न तुकड्यांचं,
नाकाच्या दिशेने थोडं सरकतं.

थोडं म्हणजे किती,
ते कळायला लाईटबिल आलं की मी पेन्सिलने खूण करतो.
उन्हाळ्यात जास्त. दिवाळीच्या ऑर्डरीत तर फारच.
गड्ड्याच्या यात्रेला कामगार गेले की
जहाज जागेवर.

दासरीच्या भास्करने विकलं मला,
लग्न ठरलं म्हणून, पुण्यात जागा नाही म्हणून.
खोकं नव्हतं. पीठ आणतात तशा पिशवीत,
दोन तुकडे कमी.
अम्माने ते सगळं सुपात ओतून घेतलं.
चाळीस वर्षं रोज हजार विड्या वळलेली बोटं,
करडे इकडे, गडद करडे तिकडे,
मला न दिसणारा फरक तिला दिसला.
‘काय आहे हे?’
‘विमान. ताऱ्यांकडं जाणारं.’
‘मग पंखा कुठाय?’
त्या सिनेमाच्या एकाही भागात
याचं उत्तर नाही.

कमी पडलेल्या दोन तुकड्यांच्या जागी
बॉबिनचं टोक कापून बसवलंय.
जाणकार म्हणतील, बाटलं.
म्हणोत.

मग लागलंच वेड.
आता सात खोकी. तीन उघडली,
चार पलंगाखाली, चादरींच्या गठ्ठ्याला लागून,
डांबरगोळ्यांच्या वासात.
नागमणी केर काढताना ती पायानेच बाजूला करते,
बोलत नाही काही.
बोलली एकदाच, श्रावणीच्या फीच्या वेळी,
आणि मी एक विकायला काढलं,
तर घेतलं होतं त्याच्या अडीचपट आले.
न उघडलेल्या वस्तूची किंमत वाढते म्हणे.
तेव्हापासून ती पाय लावत नाही,
त्यांच्यावर जुनी चादर घालून ठेवते,
मोरवाली, एक्सपोर्टमधून परत आलेली.

आमच्याकडे कुठलीच वस्तू न उघडलेली नव्हती.
वडिलांनी माग आणले तेव्हा हप्त्याने,
त्याच रात्री चालू केले.

मार्गशीर्षात ते गेले.
मस्तानभाईने साखळकाटा आणला होता,
पंच्याऐंशी सालचं बीड, किलोवर.
एकेक माग सुटा झाला, बोल्टाबोल्टाने,
आणि मी शेजारी उभा राहून
मनातल्या मनात तुकडे मोजत होतो,
हा ह्यात बसतो, तो त्यात बसतो,
सूचनांची वही असती तर
उलट्या पानांनी पुन्हा जोडला असता.
शेवटचा टेम्पो अशोक चौकाकडे वळला.
मस्तानभाईने दोनशे रुपये जास्त दिले,
चहासाठी, म्हणाला.

रात्री कुणालाच झोप लागेना.
वाट्या गप्प. अम्मा उठून बसली,
‘लाईट गेली का?’
बल्ब तर जळत होता.

जहाजावर आता कापसाची फूस बसत नाही.
पूर्वी दर रविवारी दाढीच्या ब्रशने झाडायचो,
पांढरं पांढरं उडायचं,
श्रावणी लहानपणी म्हणायची, आकाशगंगा.
परवा ब्रश फिरवला. काही उडालं नाही.
बिलं तीन आली, घरगुती मीटरची.
खूण जिथल्या तिथे.

काल नागमणी स्टुलावर चढली, फळी पुसायला.
जहाज दोन्ही हातांनी उचललं,
खालच्या रेघा बघितल्या,
एकाखाली एक, तारखांसकट.
पदराने पुसणार तोच थांबली.
‘किती गेलं एकूण?’
‘सव्वातीन इंच.’
‘किती वर्षांत?’
‘सहा.’
तिने जहाज शेवटच्या रेघेवर ठेवलं, बरोब्बर,
डोळा बारीक करून,
धागा ओवताना करते तसा,
आणि रेघा सोडून उरलेली फळी पुसली.