संघ, फक्त आठ दिवसांसाठी

सलग चौथा सामना गेला, तोही दोन गुणांनी,
म्हणून गोठिवलीत, विजेच्या टॉवरखाली, सुगंधावहिनींच्या टपरीवर
आम्ही हरेश्वर मास्तरांना काढून टाकलं.
ठराव एकमताने. मास्तर हजर नव्हते.

गोरख केणी म्हणाला, मना द्या संघ, फक्त आठ दिवस.
त्याने बशीत चहा ओतला आणि बशीतच मैदान आखलं.
बिस्कीट म्हणजे भावेश.
बिस्कीट मधली रेषा ओलांडून आत गेलं, बोनस घेतला
आणि परत येताना विरघळलं.
तस्साच खेळतो तो, धनाजी वैती म्हणाला.

मग माझी पाळी.
सोमवारी मी पोरांना पहाटे पाचला उठवीन.
खाडीवर नेईन, तिवरांच्या चिखलात पळवीन गुडघाभर,
कारण ज्याचा पाय त्या चिखलातून सुटतो
त्याचा पाय कुणाच्या बापाला धरवत नाही.
मोबाईल सगळे माझ्या डब्यात.
मंगळवारी घोट्याची पकड, दिवसभर घोट्याची पकड.
दुर्वेश डावा कोपरा सोडून आधीच झेपावतो,
ती खोड मी त्याच्या कमरेला दोरी बांधून मोडीन.
(ही दोरी मी तीन वर्षं मनात घेऊन फिरतोय,
कंपनीत पंप चालू करताना,
लोकांच्या हळदीत जेवायला बसताना.)
बुधवारी माझं आणि धनाजीचं भांडण झालं.
तो म्हणे, पहिल्याच चढाईला हात लावायचा.
मी म्हणे, दोन रिकाम्या काढायच्या, तिसरीला जीव टाकायचा.
बुधवार त्यातच गेला. गुरुवारही अर्धा.

वहिनी कप विसळता विसळता बोलल्या:
पोरा कामावरशी येतान उपाशी.
आदी इचारा, जेवलाव का.

आमच्या आठ दिवसांत जेवण कुठेच नव्हतं.
घाईघाईने शुक्रवारी अंडी घातली, प्रत्येकी चार.
खर्चाचं शनिवारी बघू.

साडेबारा टक्क्यांच्या भानगडीत आमचे बाप
इथेच बसायचे, अशाच बशा घेऊन,
आणि सिडको मागायचे, फक्त आठ दिवसांसाठी.
त्यांच्याही योजना चांगल्या होत्या म्हणतात.

तेवढ्यात स्कूटर थांबली.
मास्तरांनी डावा गुडघा आधी उतरवला, मग स्वतः उतरले.
अर्धा चहा सांगितला.
आम्ही हवामानाबद्दल बोलू लागलो.
त्यांनी खिशातून कागद काढला, दोनदा घडी पडलेला,
आणि पतपेढीने फुकट दिलेलं पेन.
जिल्ह्याच्या स्पर्धेला बारा न्यायचेत, म्हणाले,
माझ्याकडे तेरा झालेत.
रात्रभर बघतोय. एक नाव तुम्ही खोडा.

गोरख बशीत बघत राहिला, तिथे आता मैदान नव्हतं.
धनाजीला फोन आला, न वाजताच.
मी यादी वाचली. माझा भाचा यज्ञेश कितवा आहे
ते आधी पाहिलं, हे कबूल करतो. सातवा.
त्याच्या खाली दुर्वेश, अक्षर थोडं पुसट,
जणू कुणी खोडायला घेतलं आणि तिथेच थांबलं.
मयुरेशची आई मला राखी बांधते.
भावेशने गेल्या आठवड्यात नवे बूट घेतलेत, हप्त्यावर.

पेनाचं टोपण काढलं. लावलं.
वर तारा गुणगुणत होत्या एका दमात,
चढाईला गेलेल्या पोरासारख्या, श्वास न तोडता.

मास्तरांनी ग्लास ठेवला, हात पुढे केला,
पेन घेतलं, कागद घेतला,
राहू दे, म्हणाले.
संध्याकाळी मैदानाला पाणी मारायचंय, पाईप गळतोय.

किती वाजता येऊ, गोरखने विचारलं.