मुशीचं तेल

वेंगुर्ल्याच्या बंदरावरून निघालो
की मागे मांजरं लागतात.
दोन, कधी चार.
मानशीपर्यंत नेटाने येतात,
मग त्यांच्या लक्षात येतं
की हा मासा नाही,
चौसष्ट सालची जावा आहे.

मडगार्डला मुशीचं तेल चोळायचं
हे आल्मेडांचं शास्त्र.
'होडयेक चलता, मगे हिका कित्या नाय?'
खाऱ्या वाऱ्यापुढे क्रोमचं काही चालत नाही इथे.
पावसाळ्यानंतर सायलेन्सरवरून बोट फिरवलं
तर बोटाला पिंजर लागते.

शिरोड्याच्या एका मांगरात सापडली ती मला.
टाकीवर कोंबडी बसलेली.
मालक म्हणाले, कोंबडी सोडून न्या.
टेम्पोत चढवताना सीटखालून
दोन अंडी निघाली, एक फुटकं.

हिचा दांडा एकच.
आत दाबून उभा केला की किक,
पुढे आडवा पडला की गिअर.
आमच्या शाळेत कुबल मास्तर गणित शिकवायचे
आणि शेवटच्या तासाला शिट्टी घेऊन
पीटीही तेच, तसं.
पहिल्या महिन्यात माझी नडगी काळीनिळी.
बायकोने हळद लावली, बोलली काहीच नाही.
ते जास्त लागलं.

आल्मेडांना आता दिसत नाही फारसं.
उभादांड्याच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतात,
मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटतात, मिटायची गरज नसताना.
'बेअरिंग बोलता,' म्हणतात.
किंवा, 'चेन उपाशी आसा.'
मला फक्त आवाज ऐकू येतो.

पॉइंटमधली फट मोजायला
त्यांच्याकडे लग्नपत्रिका आहेत.
ग्रासिनाच्या लग्नाच्या, गठ्ठाभर,
सुतळी न सोडलेल्या.
कात्रीने पट्ट्या कापतात.
'बरोबर चार दशांश. असलो कागद आता गावाचो नाय.'
इतक्या उरल्या कशा, हे मी विचारलं नाही.
एक पट्टी माझ्या खिशात टाकली त्यांनी,
वाटेत लागली तर.

लागली.
मोचेमाडच्या चढावर, रात्री साडेदहाला,
दोन खोकले आणि शांतता.
खाली खाडी, वर काजूची झाडं,
लांब कुठेतरी दशावताराचा मृदंग.
तोंडात टॉर्च धरून उजवीकडचं झाकण काढलं,
चार स्क्रू टोपीत ठेवले,
तीनच मोजले गेले, पुन्हा मोजले, चार.
मग फोन लावला.

'किक मार. फोन इंजिनाकडे धर.'
मारली.
'आणखी एक.'
मारली.
'फट मोठी झाली हा. पत्रिका आसा मां?'
होती.
टॉर्चच्या उजेडात वाचली पहिल्यांदा.
एवढंच आलं होतं तुकड्यात:
'आपली उपस्थिती हाच'
पुढचं कात्रीने नेलेलं.
ती दोन पॉइंटांच्या मध्ये सरकवली,
अडेल आणि तरी निघेल
इतपतच स्क्रू आवळला.
काढली तेव्हा काळी रेघ उमटली होती तिच्यावर.

तिसऱ्या किकला धरलं इंजिनाने.
निळा धूर, जळक्या ऑइलचा तो वास,
दोन्ही सायलेन्सर एकमेकांना ओ देत.
फोन खिशात कोंबला आणि निघालो.
उतारावर हेडलाइट मंद व्हायची,
वळणावर ॲक्सिलरेटर दिला की
सुरूची बनं उजळून परत विझायची.
एकदा मी मोठ्याने काहीतरी गायलोसुद्धा.
बेसूर. कोण ऐकतंय.

घरी पडवीत गाडी लावली.
पाठीला भिजलेला शर्ट चिकटलेला.
वेळ पाहायला फोन काढला तर
कॉल चालूच.
एकवीस मिनिटं, काही सेकंद.
सेकंद पळत होते.

कानाला लावला.
पलीकडे पंख्याची घरघर,
आणि मग स्टूल सरकल्याचा आवाज.
'उतारार क्लच कित्याक दाबतंस रे?'
मी गप्प.
'आणि मागचो ब्रेक घासता.
उद्या घेवन ये.'