करंगळी सोडून

कोपरखैरण्यात, माथाडींच्या ओळीत,
रोज दीडशे पोळ्या लाटते मी.
सणाला अडीचशे.
महापेच्या कंपनीतली पोरं मोजून नेतात.

तो हात रात्री तीनला मरायला लागला.
अंगठा, तर्जनी, मधलं बोट,
अंगठीच्या बोटाची एकच बाजू,
भाऊबंदकीत विहीर येते तशी अर्धी.
करंगळीला मात्र कशाचं काही नाही,
धाकटी ती धाकटीच.
मोरीपाशी उभी राहून हात झटकायचे,
थर्मामीटर झटकतात तसा.
शामराव झोपेत विचारायचे, पाल आली का गं?

दिवसा बोटांना फोड दिसायचे,
कधी भाजलं ते कळलेलंच नसायचं.
पोळीवालीला पोळत नाही म्हणजे काय!

मोठ्या डॉक्टरांनी कापायची तारीख दिली,
श्रावणातली.
श्रावणात पुरणाच्या ऑर्डरी असतात, साहेब.

वाशीच्या पालिका रुग्णालयात
तेहसीन मॅडमनी माझ्या मनगटावर
पेनानं बोळ काढला.
यातून नऊ दोऱ्या जातात, आणि एक नस.
म्हटलं, आमच्या गल्लीसारखंच की,
दोन्ही अंगांना स्कूटर, मध्ये गॅसच्या टाक्या,
आणि पोस्टमन अडकलेला.
त्यांनी अंगठ्याखालचा उंचवटा दाबून पाहिला.
अजून भरलेला आहे, म्हणाल्या,
आधी स्कूटर हलवून बघू.

रात्री पट्टा. मनगट सरळ,
प्रार्थनेला उभं केल्यासारखं.
दिवसातून पाचदा बोटं:
ताठ, आकडा, मूठ, छप्पर.
शामरावांनी लाटण्याच्या मुठींना
सायकलची ट्यूब गुंडाळली.
दाणा बाजारात पोती उचलणारा माणूस
जीभ दातांत धरून बसला होता
सुईत दोरा ओवल्यासारखा.
कणीक मळायला भाचा आला.
पहिल्या आठवड्यात त्यानं दगड मळले.

तीन आठवडे काही नाही.
एकदा पट्टा पलंगाखाली भिरकावला.
मग वाकून काढला, पुसला, बांधला.

दुखणं कधी थांबलं, आठवत नाही.
एका पहाटे दूधवाल्यानं जागं केलं,
हातानं नाही, एवढंच.

मग एका बुधवारी
तव्यावरची पोळी उलटताना
तर्जनीला चटका बसला.
आई गं!
भाचा मलम घेऊन धावला,
मी बोट तोंडात घालून हसत होते.

पुढची पोळी
उलथनं बाजूला ठेवून
त्याच बोटानं उलटली.