अनोळखी स्रोत

नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर
दुपारी जमिनीकडे बघवत नाही,
इतकं लाल.
बाया तोंडाला फडकं बांधून देठ खुडतात.
किलोमागे पैसे, संध्याकाळी तोल,
आणि तोलावरून भांडण.

भांडण मिटावं म्हणून मी ॲप केलं, ‘खुडणी’.
आकडा नुसता बोलायचा,
अहिराणीत, भिलीत, गुजरीत,
ते लिहून ठेवतं.
महिन्याला वीस रुपये.
त्यातले सहा दुकानाचे.

दुकान म्हणजे फोनमधलं.
‘पैसे थेट मला द्या’ एवढी एक ओळ लिहिली
तर तीन दिवस ॲप गायब.
कारण विचारलं. उत्तर आलं
कधीचंच लिहून ठेवलेलं,
खाली सही नाही.

बापाला सांगितलं.
सुपडू मापाडी, बिल्ला नंबर एक्केचाळीस.
“म्हंजे आडत,” तो म्हणाला. “शेकडा तीस?
आमना टाईमले सा व्हती,
तरी लोके दगड उचलेत.”

मग निकाल आला,
पेपरात आतल्या पानावर, खताच्या जाहिरातीखाली:
फोनवर आता दुसऱ्यांनाही दुकान मांडता येईल,
पैसे कुठून घ्यायचे ते ज्याचं त्यानं ठरवावं.
मी कात्रण कापलं. जाहिरातीचा कोपराही त्यात आला.

बाप म्हणाला, फाटक उघडलं म्हणून नाचू नको.
यार्डाबाहेर खरेदी सुरू झाली तेव्हा
बायपासच्या निंबाखाली सतरा काटे लागले होते.
त्यातले खरे चार.
बाकीच्यांच्या पारड्याखाली चुंबक.
“पण चार होते ना?”
तो हसला नाही.
नाहीही म्हणाला नाही.

पथारीवर पहिला फोन झेलाबाई कोळीचा.
बोटाला मिरची, स्क्रीन बोट ओळखेना.
तिनं लुगड्याला पुसलं, पुन्हा दाबलं.
फोन दचकला. लाल त्रिकोण:
अनोळखी स्रोत. तुमच्या फोनला धोका होऊ शकतो.
खाली ठळक बटण, मागे फिरा.
त्याच्याही खाली, राखेसारख्या बारीक अक्षरात,
तरीही पुढे जा.

तिसरीतली नात अक्षरं जोडत वाचत होती,
अ-नो-ळ-खी.
झेलाबाईनं फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
“अनोयखी कसाना?
हाऊ ते सुपडू मापाडीना पोऱ्या शे.
याना बापनी माले कधी पावशेर बी कमी तोलं नही.”
आणि त्या राखेवर अंगठा ठेवला,
दोनदा,
कारण पहिल्यांदा लागला नाही.

रात्री बापाला हे सांगितलं.
तो चिंचेनं बिल्ला घासत होता.
घासतच राहिला बराच वेळ.
“तोलेल शे कमी,” म्हणाला,
“एक डाव. तिले माहीत नही.”

मी लॅपटॉप उघडला
आणि खुडणीत एक बटण वाढवलं:
पुन्हा तोला.