समासातली पेन्सिल

सिस्टर लिओनिला त्रिभुवन
महिन्यातून दोनदा येतात,
जेलरोडवरून शेअर रिक्षाने,
सुट्टे पैसे मुठीत धरून.
आमच्या वाचनालयातलं त्यांचं खातं
माझ्या नोकरीपेक्षा जुनं.
नेतात ती पुस्तकं मात्र ठरलेली:
मुखपृष्ठावर पांढरं शिरोवस्त्र,
मागे खिडकी,
खिडकीला गज.

लिहिणारे सगळे बाहेरचे.
कुणी एकदा कॉन्व्हेंटच्या भिंतीकडेने चालत गेलेलं,
कुणी तेवढंही नाही.
त्यांच्या सिस्टरला हमखास एक मेलेला प्रियकर असतो,
तो नसला तर सावत्र आई.
ती बोलते कमी, मेणबत्तीसारखी झिजते जास्त.
हातात पट्टी असली की राक्षसीण,
जपमाळ असली की मूर्ती.
आणि तीनशे पानांत
भूक एकदाही लागत नाही.

परत आलेलं पुस्तक मी चाळते,
पान फाटलंय का, चहा सांडलाय का.
समासात पेन्सिल सापडते.
बारीक, तिरकी,
सहामाहीचे पेपर तपासल्यासारखी.
पान बारा: ‘आम्ही घोरतो.’
पान एकतीस: ‘घंटा पाचला. तीनला कोण उठतंय!’
नायिका वेदीपाशी बेशुद्ध पडते तिथे:
‘आधी हिमोग्लोबिन बघा.’
‘तिचे डोळे अथांग होते’ याच्यापुढे:
‘मोतीबिंदू असेल.’
आणि एका प्रकरणाच्या शेवटी, कुणालाच उद्देशून नाही असं,
‘गॅस सिलिंडर कोण उचलतं हो यांच्याकडे?’

नियमाने दंड करायला हवा.
पहिल्यांदा मी खोडरबर घेऊन बसलेही होते.
‘आम्ही घोरतो’पाशी हसू आलं,
रबर ड्रॉवरमध्ये गेला.

मी त्यांना दवाखान्यात पाहिलंय,
सिन्नर फाट्याच्या एका पोराचं बोट शिवताना:
‘ओरड की रे, लाज कसली, इथे कोण तुझी सासू बसलीय?’
बिटकोच्या चौकात द्राक्षाचा मणी तोंडात टाकून
तोंड वाकडं करताना पाहिलंय.
‘आंबट. आठ दिवसांनी ये.’
हरेगावला शाळेत असताना कबड्डी खेळायच्या,
नडगीवरचा व्रण त्याचा.
हे कुठल्या पुस्तकात नाही.

एकदा धीर करून विचारलं,
कशाला नेता हो ही?
त्या चष्मा पुसत म्हणाल्या,
‘माझ्याबद्दल आहेत म्हणतात.
बघायला नको?’

मागच्या महिन्यात आलं ते पुस्तक
सगळ्यात टुकार.
शिवण उसवलेली, भाषांतर त्याहून.
पान एकशे अठरापर्यंत समास कोरा,
मला वाटलं, कंटाळल्या.
तिथे एका वाक्याखाली रेघ होती:
‘कुणी हात हातात घेत नाही,
याची तिला सवय झाली होती;
हातांना झाली नव्हती.’
शेजारी काहीतरी लिहून
मग खोडलेलं.
कागद तिथे जरा मऊ झाला होता.

मी पान खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं.
खोटं कशाला बोलू, दोनदा धरलं.
काही लागलं नाही.
त्या दिवशी त्यांनी उशिराचे अकरा रुपये भरले,
पावती मागून घेतली,
घडी घालून पाकिटात ठेवली
आणि म्हणाल्या, ‘या खेपेला खुनाचं द्या एखादं.
खून कुणाचाही चालेल,
सिस्टर नको त्यात.’

आता हे मी लिहितेय,
टेबलाच्या अलीकडून,
म्हणजे बाहेरूनच.
उद्या छापून आलं
तर त्या नेतील, पंधरा दिवसांनी परत आणतील,
आणि पहिल्याच कडव्याशेजारी असेल:
‘रिक्षा नाही. बसने येते.
पास आहे माझा.’