मेम्ब्रेन कोरडी पडू नये म्हणून

पहाटेचे चार दहा. बरका.
पाइपातून समुद्र आत येतोय,
काही न विचारता.

मी खाटेखाली हात घालून चप्पल चाचपतो
आणि जिन्याच्या वरच्या वळणावर जातो,
जिथं पाण्याच्या टाकीला पाठ टेकता येते.
खोलीत सहाजण. गुडघे टेकण्यापुरती जागा आहे तशी,
पण कुरियनचा पाय कायम खाटेबाहेर.

पहिल्या वर्षी प्रभूशी फार बोलायचो.
सोसायटीचं कर्ज, सुलभाचं थायरॉइड,
अमोसची फी, थोरल्या योनाथानची बाटली.
यादी संपली की झोप यायची,
झोप आली की आमेन.

मग डबल शिफ्ट लागली. एक दिवस बुडाला.
दुसरा बुडताना आवाजसुद्धा झाला नाही.
अकरा आठवडे मी वर काही मागितलं नाही,
आणि खरं सांगायचं तर
काहीच बिघडलं नाही.
पगार झाला. सुरमई खाल्ली. कुणाच्या तरी जोकवर
डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

त्याच दिवसांत तीन नंबरची लाइन बंद होती,
पंप दुरुस्तीला गेलेला.
खल्फानसाहेब म्हणाले,
बंद असली म्हणून काय, रोज धू तिला.
आत पाणी राहू दे.
मेम्ब्रेन एकदा वाळली
की मग कितीही दाब दे,
थेंब देणार नाही.

मी हो म्हणालो, व्हॉल्व्ह फिरवला,
आणि हात तिथंच राहिला.

त्या रात्री जिन्यात गेलो. शब्द निघेना.
एवढंच म्हणालो: आलोय.
दुसऱ्या रात्री: आलोय.
चाळीसेक रात्री हेच.
कंटाळा आला, तर त्यालाही घेऊन गेलो,
बसलो दोघं टाकीला पाठ लावून.

प्लांटवर दर दोन तासांनी रीडिंग:
दाब, क्षार, तापमान.
काही बदललं नसलं तरी
'वरीलप्रमाणे' लिहिलेलं चालत नाही.
पुन्हा जायचं, पुन्हा बघायचं,
तोच आकडा पुन्हा लिहायचा.

तसं मी भावाचं नाव घेतो.
सात वर्षं झाली, ते अकरा आठवडे वजा जाता.
गेल्या नाताळात त्याने फोन उचलला,
एक शिवी दिली, ठेवला.
सुलभा म्हणाली, हे उत्तर म्हणायचं का?
मी म्हणालो, रीडिंग आहे.

शंभर लिटर आत घ्यावेत
तेव्हा चाळीस गोडे निघतात,
साठ परत समुद्राला.
माझा हिशोब याहून वाईट.
डोळे मिटले की निम्मा वेळ मी कँटीनमध्ये असतो,
किंवा सुट्टीच्या तिकिटात.
उरलेलं काय निघतं ते तो जाणे,
चव मला कळत नाही.

ऑगस्टमध्ये ताप भरला.
गजर वाजला नाही, की वाजून गेला.
खांद्यावर ओला हात पडला.
मंजुरुल. वजू करून आलेला,
कोपरांवरून पाणी गळत होतं माझ्या चादरीवर.
तीन वर्षं आम्ही एका खोलीत आहोत,
देवाविषयी चकार शब्द नाही,
भांडलो ते फक्त एसीच्या रिमोटवरून.

"उठो भाई, तुमारा टाइम."

माझा टाइम.
मला वाटायचं, कुणाला ठाऊक नाही.

तो चटईकडे वळला. मी भिंत धरून
एकेक पायरी चढलो.
टाकी आतून भरत होती.
पाठ टेकली, पत्रा गार लागला.
आलोय, म्हणालो,
आणि यादी काढायच्या आधीच
खाली चहाच्या पातेल्यावर झाकण वाजलं.

योनाथान, म्हणालो घाईघाईने,
आणि उतरलो.